नव्वद टक्क्यांत हरवलेली आठ मुले

चाळीस मुलांचा एक वर्ग डोळ्यांसमोर आणा. कामाचे दिवस २००. पहिली ते पाचवीसाठी शिक्षण हक्क कायद्याने ठरवून दिलेले. वर्षअखेरीस मुख्याध्यापकांच्या संगणकावर त्या वर्गाची सरासरी उपस्थिती ९० टक्के दिसते. चौकट हिरवी आहे, म्हणून सगळे पुढच्या वर्गाकडे वळतात.

तोच आकडा उलगडून पाहू. ९० टक्के म्हणजे रोज सरासरी चार मुले गैरहजर, वर्षभरात ८०० गैरहजेऱ्या. सगळ्यांत त्या सारख्या वाटल्या गेल्या असतील, तर प्रत्येक मूल २० दिवस घरी राहिले. पण समजा, ३२ मुलांचे दहा-दहा दिवस बुडाले आणि उरलेल्या आठ मुलांचे साठ-साठ. बेरीज तीच ८००, सरासरीही तीच. मात्र या आठ मुलांचे जवळजवळ तीन महिने गेले. भागाकार शिकवला तेव्हा ती वर्गात नव्हती, आणि हिरव्या चौकटीत ती दिसतही नाहीत.

असे आकडे दाखवणारा डॅशबोर्ड चांगला की वाईट हे त्यातल्या रंगीत आलेखांवरून ठरत नाही. टक्क्यावर बोट ठेवले की त्यामागची नावे समोर येतात का, एवढी एकच कसोटी मी लावेन.

माहितीची आपल्याकडे वाण नाही. शाळांची माहिती गोळा करणारे केंद्राचे यू-डायस आहे, राज्याची ‘सरल’ प्रणाली २०१५पासून आहे. यू-डायस प्लसवर २०२२-२३पासून शाळेच्या गोळाबेरजेऐवजी एकेका विद्यार्थ्याची नोंद होऊ लागली. पोषण आहार किती मुलांनी घेतला, हे रोज भरायचे. चाचण्यांचे गुणही भरायचे. शिकवण्याचा वेळ माहिती भरण्यात जातो, ही शिक्षकांची तक्रार रास्त आहे. पण तिच्या मुळाशी आणखी एक दुखणे आहे. माहिती शाळेकडून वर जाते. वरून उलट येते ती बहुधा स्मरणपत्राच्या रूपात. ज्याने भरली त्याच्याच कामाला ती आली, तर भरण्याचे ओझे निम्मे हलके होईल.

हे घडू शकते, याचा दाखला अमेरिकेतल्या शिकागोत आहे. तिथल्या विद्यापीठातील एलेन ॲलेन्सवर्थ आणि जॉन ईस्टन या संशोधकांनी २००५मध्ये दाखवून दिले, की नववीच्या वर्षात जी मुले विषयांत मागे पडत नाहीत, ती वेळेत शालान्त शिक्षण पूर्ण करण्याची शक्यता मागे पडलेल्यांच्या साडेतीन पटींहून अधिक असते. मग शहरातल्या शाळांना वर्षाच्या मधोमध यादी मिळू लागली : घसरणीला लागलेली मुले कोणती, कुणाचा कोणता विषय अडला, कोण वारंवार गैरहजर आहे. शिक्षक त्या नावांवर बसून बोलू लागले. नववीत मागे न पडलेल्या मुलांचे प्रमाण २००७मध्ये ५७ टक्के होते, ते २०१३मध्ये ८२वर गेले. यादी निकालानंतर आली असती तर ती नुसती नोंद ठरली असती. ती वेळेवर आली, आणि ती वाचून काहीतरी करायचे असते हे शाळांनी मानले.

आपल्याकडे याला एक जुना अडथळा आहे. पटावर शिक्षकांची पदे ठरतात, अनुदान ठरते. संचमान्यतेच्या, म्हणजे ही पदे मंजूर होण्याच्या काळात शाळाशाळांत जो ताण असतो तो याचाच. २०११मध्ये राज्यभर पटपडताळणी झाली, तेव्हा कागदावरची मुले आणि वर्गातली मुले यांतली तफावत उघड झाली. अमेरिकी सामाजिक मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड कॅम्पबेल यांनी १९७०च्या दशकात हेच सूत्र मांडले होते : एखाद्या आकड्यावर जितके निर्णय टांगावेत, तितका तो आकडा बिघडत जातो. म्हणून मुलाला मदत करण्यासाठी ठेवलेली नोंद शिक्षकाला नोटीस काढण्यासाठी वापरू नये. एकदा तसे झाले की पुढच्या महिन्यापासून सगळ्याच चौकटी हिरव्या होतात.

आकडा वाचायला गाव माहीत असावे लागते. बीडमध्ये दिवाळीनंतर वर्ग रिकामे होऊ लागतात, कारण आईबापांचा कोयता ऊसतोडीला निघालेला असतो आणि मूलही त्यांच्याबरोबर निघते. इथे ऑक्टोबरच्या आकड्याशी डिसेंबरचा आकडा ताडणे व्यर्थ आहे. मागच्या डिसेंबरशी ताडावा. आणि यादी हवी ती कुटुंबे निघण्याआधी, म्हणजे हंगामी वसतिगृहात किंवा आजीआजोबांजवळ कोण राहू शकेल, हे पालकांशी बोलून ठरवता येते. जे मूल जाणारच, त्याच्या हाती तिकडच्या शाळेत प्रवेशासाठीचे शिक्षण हमी कार्ड देता येते.

लहान शाळांत तर टक्केवारी बाजूलाच ठेवावी. पट दहाचा असेल तर एका मुलाला ताप आला की उपस्थिती दहा टक्क्यांनी घसरते. तिथे नावांची वहीच खरा डॅशबोर्ड.

मुख्याध्यापकांना मी एवढेच सुचवेन. आठवड्यातला एक ठरलेला अर्धा तास काढा. झालेल्या दिवसांपैकी दहा टक्के किंवा अधिक दिवस ज्यांचे बुडाले, म्हणजे महिन्याला साधारण दोन-अडीच दिवस, त्यांची नावे काढा. प्रत्येक नावापुढे घरी कोण जाणार ते लिहा, आणि पुढच्या आठवड्यात काय कळले ते लिहा. कारण कधी धाकट्या भावंडाला सांभाळणे असते, कधी चुकणारी एसटी, कधी वर्गातल्या कुणाची तरी भीती. यातले काहीही पडद्यावर उमटत नाही. दारात गेल्यावरच कळते.

पालकांनाही एक विनंती. शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालकच असतात, तो अधिकार कायद्याने दिलेला आहे. पुढच्या बैठकीत सरासरी उपस्थिती वाचून दाखवली, तर तेवढ्यावर थांबू नका. सर्वाधिक दिवस गैरहजर असलेली मुले कोण आणि त्यांच्या घरी कोण जाऊन आले, हे विचारा.