ताबा कोणाचा?

१ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून हिंगोली जिल्हा वेगळा निघाला, तेव्हा कळमनुरी तालुक्यातले एकही शेत जागचे हलले नाही, कयाधूचे पात्र होते तेथेच राहिले; पण तालुक्याचे कागद मात्र त्या दिवसापासून निराळ्या जिल्हा कचेरीला रुजू झाले. संगणकातील ग्राफिक्स कार्ड आभासी यंत्राच्या स्वाधीन करणे, ज्याला जाणकार मंडळी ‘पासथ्रू’ म्हणतात, ते याच जातीचे हस्तांतर होय: कार्ड खाचेतून उपसावे लागत नाही, केवळ त्याच्यावरचा अंमल बदलतो.

ज्याच्या संगणकावर लिनक्स आहे, पण लग्नाच्या व्हिडिओंचे संपादन मात्र विंडोजवरच करावे लागते, अशा कळमनुरीतल्या एखाद्या व्यावसायिकाला दुसरा संगणक न घेता त्याच यंत्राच्या पोटात सॉफ्टवेअरने घडवलेले दुसरे, पाहुणे यंत्र उभे करता येते. लिनक्समध्ये त्यासाठी केव्हीएम ही सोय २००७ साली आली. परंतु अशा यंत्राच्या वाट्याला येणारे कार्डही आभासीच असल्याने व्हिडिओचे काम रखडते. म्हणून खरे कार्ड त्याच्या हवाली करावयाचे, आणि त्याची व्हीएफआयओ ही व्यवस्था २०१२ साली लिनक्सच्या ३.६ आवृत्तीत दाखल झाली. कार्ड प्रोसेसरला न विचारता थेट मेमरीत लिहिते, आणि पाहुण्या यंत्राला ठाऊक असलेले मेमरीचे पत्ते खरे नसतात. ते पत्ते उलगडून देणारा आणि यजमानाच्या हद्दीत पाऊल पडू न देणारा पहारेकरी म्हणजे आयओएमएमयू. पुष्कळ संगणकांत तो बायोसमध्येच बंद ठेवलेला असतो. इंटेलच्या यंत्रात त्याचे नाव व्हीटी-डी. पहिली तपासणी तेथेच करावी.

दुसरी अडचण सामाईक खात्याची. पहारेकरी एकेका उपकरणाला नव्हे, तर उपकरणांच्या गटाला ओळखतो, आणि गटातली काही उपकरणे यजमानाकडे ठेवून काही पाहुण्याला देता येत नाहीत. कार्डावर चित्राबरोबर आवाजाचाही भाग असतो; तो मागे राहिला तरी व्यवहार अडतो. गटात दुसऱ्याच कुणाचे हिस्से मिसळले असतील, तर कार्ड दुसऱ्या खाचेत बसवून पाहावे. लिनक्सच्या गाभ्यात फेरफार करून हा गट कागदोपत्री फोडण्याची युक्ती प्रचारात आहे, पण मला ती पसंत नाही. बांध नकाशात दाखवला म्हणून शेतात उभा राहत नाही.

सर्वांत अधिक माणसे अडतात ती मात्र ताब्यापाशी. संगणक सुरू होताच यजमानाचा ड्रायव्हर कार्डावर कब्जा करून बसतो, आणि मागाहून सेटिंग कितीही बदलले तरी पाहुण्याचा पडदा काळाच राहतो. म्हणून व्हीएफआयओचा ड्रायव्हर यजमानाच्या ड्रायव्हरच्या आधी उभा राहील अशी तजवीज करावी, यजमानाने आपले चित्र प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर दाखवावे, आणि एलएसपीसीआय या आज्ञेने कार्डासमोर कोणत्या ड्रायव्हरचे नाव लागले आहे ते वाचावे. सातबाऱ्यावरचे नाव न पाहता जमिनीचा व्यवहार करणारा माणूस आपल्या तालुक्यात सापडणार नाही. संगणकापुढे बसल्यावर मात्र तीच सावधगिरी आपण का सोडतो, हे मला उमगलेले नाही.

ताबा मिळूनही विंडोज ‘कोड ४३’ दाखवते, तेव्हा दोष कार्डाचा असतोच असे नाही. एनव्हिडियाचे जुने ड्रायव्हर जीफोर्स कार्ड आभासी यंत्रात आहे असे ओळखताच काम नाकारीत, म्हणून यंत्राचे आभासीपण लपवावे लागे. २०२१ साली ४६५ मालिकेच्या ड्रायव्हरपासून कंपनीने ही मनाई उठवली. तेव्हा आज हा आकडा दिसल्यास प्रथम ड्रायव्हरची आवृत्ती पाहावी.

राहिला ताबा परत मिळण्याचा प्रश्न. एएमडीची काही कार्डे पाहुणे यंत्र बंद झाल्यावर पूर्वस्थितीला येत नाहीत, आणि मग सारा संगणक बंद करून पुन्हा सुरू केल्यावाचून गत्यंतर उरत नाही. ऐन लग्नसराईत, दुसऱ्या खिडकीत काम चालू असता, ही गोष्ट फार जाचते. म्हणून कार्ड पारखताना पाहुणे यंत्र एकदा सुरू झाले एवढ्यावर समाधान मानू नये. ते बंद करून लगेच दुसऱ्यांदा सुरू करून पाहावे.