आळस नव्हे, आजार

1880 साली जेलिनो या फ्रेंच डॉक्टरांनी लाकडी पिंपांच्या एका व्यापाऱ्याची हकिकत प्रसिद्ध केली. जेवताना, रस्त्याने जाताना या गृहस्थांना एकाएकी झोप अनावर होई. कधी दिवसातून 200 वेळा. मोठ्याने हसू आले किंवा चांगला सौदा जुळण्याची चिन्हे दिसली, की त्यांच्या पायांतील बळच जाई. जेलिनो यांनी या विकाराला ‘नार्कोलेप्सी’ हे नाव दिले. त्याचे कारण मात्र पुढे शंभराहून अधिक वर्षे गूढच राहिले.

आपल्या मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा बदामाएवढा भाग आहे. तेथील काही चेतापेशी ग्रंथींप्रमाणे रसायनेही घडवितात. अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्यांनी बनलेल्या अशा रसायनांना न्यूरोपेप्टाइड म्हणतात. 1998 मध्ये त्यांपैकी एकाचा शोध दोन संशोधक गटांना स्वतंत्रपणे लागला. एका गटाने त्याला ‘हायपोक्रेटिन’ म्हटले, दुसऱ्याने ‘ओरेक्सिन’. ग्रीक भाषेत ‘ओरेक्सिस’ म्हणजे भूक. परंतु या रसायनाचे मुख्य कार्य जागेपणा टिकविण्याचे आहे, हे लवकरच उमगले.

मेंदूतील सुमारे 8,600 कोटी चेतापेशींपैकी ओरेक्सिन घडविणाऱ्या पेशी जेमतेम 70,000 च्या आसपास असतात. 2000 साली नार्कोलेप्सीच्या मृत रुग्णांचे मेंदू तपासले, तेव्हा त्यांतील 85 ते 95 टक्के पेशी नाहीशा झाल्याचे आढळले. शेजारच्या इतर पेशी मात्र शाबूत होत्या.

हा विकार बहुधा कुमारवयात किंवा तारुण्यात डोके वर काढतो. मुलगा वर्गात झोपतो, दुकानाच्या गादीवर पेंगतो आणि घरातील वडीलधारी मंडळी त्याला आळशी ठरवितात. बोलणी खाऊन तो अधिकच खचतो. रात्री पुरेशी झोप होऊनही महिनोन्‌महिने दिवसा झोप आवरत नसेल, हसताना गुडघे किंवा जबडा ढिला पडत असेल, तर त्यास मेंदूविकारतज्ज्ञांकडे न्यावे. निद्राचाचणीने निदान होऊ शकते. गेलेल्या पेशी परत आणता येत नाहीत. तथापि औषधे आणि दिवसा ठरावीक वेळी घेतलेली छोटी झोप यांमुळे शिक्षण व व्यवसाय सांभाळता येतो.

खात्यात शिल्लकच नसेल तर हुंडी वटत नाही, हे आपण व्यापारी जाणतो. म्हणून पेंगणाऱ्या मुलावर रागावण्यापूर्वी एकदा त्याची विचारपूस करावी.