जज कोण? तुम्हीच!

रॅप बॅटल म्हटलं की 'गली बॉय' (2019) आठवतो, हो ना? दोघं समोरासमोर, हातात माइक, आणि पब्लिक ज्याच्यासाठी जास्त ओरडलं तो जिंकला! पण बॉस, हा खेळ आपल्याकडे पेशवाईतही रंगायचा.

सोलापूर रोडने पाटसकडे निघालात की वाटेत चौफुला लागतं. इथली कला केंद्रं लावणीसाठी फेमस. याच लावणीचं एक डोकेबाज भावंड म्हणजे कलगी-तुरा. तुरेवाले शिवाला थोर मानणार, कलगीवाले शक्तीला. एका शाहिराने डफावर कोडं घालायचं, दुसऱ्याने गाण्यातूनच ते सोडवायचं. हरणाऱ्याला स्वतःचा डफ जिंकणाऱ्याच्या हवाली करावा लागे, असं सांगतात. म्हणजे इज्जतही गेली आणि पोटापाण्याचं साधनही! कोकणात आणि मुंबईत शक्ती-तुऱ्याचे सामने आजही होतात.

आता निकालाचं बोलू. टाळी काय, झणझणीत टोमण्यालाही पडते. पण टोमणा म्हणजे उत्तर नव्हे. तेव्हा बॅटल रॅपची असो की शाहिरांची, तीन गोष्टी तपासा. समोरच्याच्या मुद्द्याला उत्तर मिळालं का? ताल आणि यमक सांभाळलं का? आणि ते तिथल्या तिथे सुचलं, की घरून पाठ करून आणलं?

आपल्या मित्राचं उत्तर चुकलं, तरी आपण त्याच्याच नावाने ओरडतो. खरी परीक्षा तिथे असते, त्याची नाही, आपली! पुढच्या वेळी आधी नीट ऐका, मगच टाळी द्या.