आवाज न करणारा वारा

देवळ्याच्या एका वाचकाचा प्रश्न आहे. त्यानं घरातल्या एका खोलीत अहिराणी गाण्यांच्या रेकॉर्डिंगची सोय केली. खिडकी विटांनी बुजवली, दाराच्या फटींना रबर लावलं, भिंतींवर अंड्यांचे ट्रे चिकटवले आणि एसी बसवला. एसी चालू ठेवला तर माइकमध्ये घरघर येते. बंद केला तर दुसऱ्या टेकलाच गायक घामानं निथळतो आणि तासाभरात सगळ्यांची डोकी जड होतात. मोठ्या स्टुडिओंत हे कसं जमवतात?

आपल्याकडचा पहिला बोलपट याच अडचणीतून निघाला. अर्देशीर इराणींच्या ‘आलम आरा’चं चित्रीकरण मुंबईत ज्या स्टुडिओत चालू होतं, त्याच्या जवळूनच रेल्वेचे रूळ जात. इमारत मूकपटांच्या काळातली, आवाज अडवण्याचा विचार कुणी केलेलाच नव्हता. चित्र आणि आवाज एकाच फिल्मवर एकदमच उतरत असल्यानं मागाहून सुधारायची सोय नव्हती. मग गाड्या थांबल्या की, रात्री एक ते चारच्या दरम्यान काम चाले. १४ मार्च १९३१ रोजी मॅजेस्टिक सिनेमागृहात लोकांनी जे ऐकलं, ते असं झोपलेल्या मुंबईच्या शांततेतून मिळवलेलं होतं. मला या कथेचं फार अप्रूप वाटतं.

पुढच्याच वर्षी लंडनमध्ये बीबीसीचं ब्रॉडकास्टिंग हाऊस सुरू झालं. तिथे स्टुडिओ इमारतीच्या पोटात, विटांच्या जाड मनोऱ्यात ठेवले आणि भोवती कचेऱ्यांचं कडं केलं. रस्त्याचा गोंगाट कचेऱ्यांनी झेलायचा. आतल्या स्टुडिओंना खिडक्या नव्हत्या, म्हणजे श्वासाला लागणारी सगळी हवा यंत्रानं आणायची. (एवढं करूनही जमिनीखालून जाणाऱ्या बेकरलू रेल्वेची धडधड खालच्या स्टुडिओंत ऐकू येई.)

जिथून आवाज शिरतो, तिथूनच हवाही शिरते. फट बुजवली की दोन्ही बंद. दहा बाय बाराच्या बंद खोलीत चार माणसं तासभर बसली, तर कार्बन डायऑक्साइड बाहेरच्या हवेच्या पाच-सहा पट होतो. आपल्या वाचकाच्या डोकेदुखीचं मूळ बहुधा इथेच आहे. भिंतीवरचा स्प्लिट एसी बाहेरची हवा आणतच नाही, आतलीच गार करून पुन्हा फिरवतो, हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

मग हवा आणायची कशी? उत्तर देवळ्याच्या शिवारातच उभं आहे. कांदा चाळ बघा. तळ जमिनीपासून उचललेला, कुडाला फटीच फटी. कांद्याच्या एवढ्या ढिगाला हवा लागते, पण चाळीत उभं राहिलं तर वारा ऐकू येत नाही. कारण तो एका भोकातून जोरानं घुसत नाही, सगळ्या अंगानं हळूहळू झिरपतो. पाटाच्या पाण्याचंही तेच. रुंद पाटात ते मुकाट वाहतं, मोरीच्या तोंडाशी खळखळतं.

हवेच्या बाबतीत हा हिशेब फारच तीव्र आहे. जाळीतून येणाऱ्या वाऱ्याचा आवाज वेगाच्या साधारण पाचव्या-सहाव्या घातानं वाढतो. वेग निम्मा केला की आवाज १५ ते १८ डेसिबलनी उतरतो. म्हणून चांगल्या स्टुडिओतले डक्ट बघणाऱ्याला अवाढव्य वाटतात. त्यांना आतून लोकरीसारखं अस्तर असतं, वाटेत वळणं असतात, पंखा दूरच्या खोलीत स्प्रिंगांवर बसवलेला असतो आणि पंखा नि डक्ट यांच्यामध्ये कॅनव्हासचा तुकडा असतो, थरथर पुढे जाऊ नये म्हणून. शांतता किती हवी याचं माप अमेरिकेचे ध्वनितज्ज्ञ लिओ बेरानेक यांनी १९५७मध्ये आलेखांत आखून दिलं. कानाला खर्जातली घरघर कमी आणि वरची सळसळ जास्त टोचते, हे त्यांनी त्या आलेखांत पकडलं. आजही स्टुडिओचा आराखडा करणारे तेच आलेख उघडतात. रेकॉर्डिंग मात्र गायक-वादकांच्या नावानं ओळखलं जातं, आणि या माणसाचं नाव ध्वनितंत्राच्या बाहेर फारसं कुणी घेत नाही.

गारव्यापेक्षा तापमान स्थिर असणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. बासरीतली हवा २४ अंशांवरून ३४ अंशांवर गेली, तर आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे सहा मीटरनी वाढतो आणि सूर जवळपास अर्ध्या सुराचा तिसरा हिस्सा चढतो. पेटी मात्र होती तिथेच राहते. तबल्याची पुडी एसीच्या कोरड्या हवेत ताणली जाऊन चढते, पावसाळी दमट हवेत सैल पडते. टेकपुरता एसी बंद आणि मध्ये चालू, असं केलं की दर वेळी हातोडी हातात घ्यावी लागणार. वाद्यं अर्धा तास आधी खोलीत आणून ठेवावीत.

अंड्यांचे ट्रे काढून टाकावेत. आवाज अडवायला वजन लागतं आणि पुठ्ठ्याला ते नाही. तो फक्त खोलीतला वरच्या पट्टीतला प्रतिध्वनी थोडा मऊ करतो, आणि चटकन पेट घेतो.

त्याऐवजी प्लायवूडची दोन खोकी करा, एक हवा आणायला, एक बाहेर सोडायला. आत आडव्या-उभ्या फळ्या लावून नागमोडी वाट ठेवा आणि तिला रॉकवूलचं अस्तर द्या. पंखा खोलीबाहेर, रबरावर टांगा. आणि पाइप घेताना आठ इंची न घेता बारा इंची घ्या. पंखा तेवढीच हवा ढकलेल, पण वाऱ्याचा वेग निम्म्याहून खाली येईल.