टर्बोची हवा जाते कुठे? शेषवत् अनुमानाचा एक धडा

मंडळी, न्यायदर्शनात अनुमानाचे तीन प्रकार सांगितले आहेत: पूर्ववत्, शेषवत् आणि सामान्यतोदृष्ट. आज आपल्याला मधला प्रकार बघायचा आहे. शेषवत् म्हणजे कार्य बघून कारणाकडे जाणं. आणि हे आपण पोथीतून नाही, करकंबातल्या एका डिझेल व्हॅनच्या बॉनेटखालून बघणार आहोत. तत्त्वज्ञानाच्या मास्तरांना गाडीतलं काय कळतं, असं कोणाच्या मनात आलं असेल तर ते रास्तच आहे. पाना चालवणारे हात वेगळे होते. आम्ही शेजारी उभे राहून फक्त प्रश्न विचारत होतो, आणि आमचा धंदा आयुष्यभर तोच.

करकंब हे पंढरपूर तालुक्यातलं मोठं गाव. इथून पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोट अशा भाड्याच्या फेऱ्या चालतात. ही गाडी बारा माणसांची, मालक हाच ड्रायव्हर. तक्रार अशी, की रिकामी गाडी सपाट रस्त्याला बरी पळते. पण माणसं भरून तुळजापूरचा घाट लागला की तिचा दम तुटतो आणि मागे काळा धूर. डॅशबोर्डवर इंजिनाचा दिवा लागलेला. स्कॅनर लावला तर कोड आला पी ०२९९. त्याचा अर्थ, टर्बोचा दाब हवा तेवढा मिळत नाही. एका गॅरेजवाल्याने सांगून टाकलं, "दादा, टर्बो गेला. नवीन टाका." आषाढी तोंडावर आलेली, आणि घरात जे पैसे होते ते मुलीच्या कॉलेजच्या फीचे. तेव्हा हा निष्कर्ष बरोबर की चूक, हा त्या घरात काही परीक्षेतला प्रश्न नव्हता.

आता टर्बो करतो काय, ते आधी बघू. डिझेल जाळायला हवा लागते, आणि भरपूर लागते: एक किलो डिझेल पुरतं जळायला साधारण साडेचौदा किलो हवा, आणि धूर नको असेल तर त्याहून बरीच जास्त. साधं इंजिन स्वतःच्या छातीने ओढेल तेवढीच हवा घेतं. स्वित्झर्लंडचे इंजिनिअर आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ साली एक पेटंट घेतलं. त्यातली कल्पना अशी, की इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम धुराचा जोर वाया का घालवायचा? त्या धुरावर एक चक्र फिरवा, त्याच दांड्यावर दुसरं चक्र बसवा, आणि ते दुसरं चक्र ताजी हवा दाबून इंजिनात कोंबेल. आजच्या छोट्या गाड्यांत हा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो. दाबलेली हवा तापते. दाब बाहेरच्या हवेच्या दुप्पट केला, तर ती सहज शंभर अंशांच्या वर जाते. म्हणून ती आधी इंटरकूलरमध्ये थंड होते आणि मग रबरी नळीतून इंजिनात शिरते. थोडक्यात टर्बो, नळी, इंटरकूलर, पुन्हा नळी, इंजिन असा हा रस्ता. या रस्त्यात कुठेही भोक पडलं, तर टर्बोने कमावलेली हवा वाटेतच जाते.

इथे करकंबच्या माणसाला वेगळं सांगायला नको. दोन किलोमीटरवरच्या विहिरीतून पाइपलाइन आणली आहे आणि द्राक्षाच्या बागेत ठिबकला पाणी कमी येतंय. तुम्ही लगेच मोटार बदलता का? नाही. तुम्ही मोटार चालू ठेवून लाइनच्या कडेने चालत जाता आणि ओल कुठे दिसते ते बघता. मोटार बंद असताना फुटलेली जागा नजरेला येत नाही, हेही तुम्हाला ठाऊक असतं. मग गाडीच्या बाबतीत हे शहाणपण कुठे जातं? आम्हाला वाटतं, कोड नावाच्या गोष्टीने ते जातं. मशिनने सांगितलं की माणूस मान डोलावतो. पण मशिनने सांगितलं काय? "दाब कमी पोहोचतो आहे." "टर्बो बिघडला आहे" हे वाक्य मशिनचं नाही. ते माणसाने पुढे जोडलेलं अनुमान आहे.

वात्स्यायनाने न्यायभाष्यात शेषवत् अनुमानाचं उदाहरण दिलं आहे ते नदीच्या पुराचं. नदी फुगलेली दिसली की वरच्या अंगाला पाऊस झाला, असं आपण म्हणतो. यावर न्यायसूत्रातच आक्षेप नोंदवलेला आहे: अहो, नदी बांधामुळे अडूनही फुगते, मग तुमचं अनुमान खोटं ठरलं की! पंढरपूरकरांना हा आक्षेप लगेच पटेल. डोक्यावर कडक ऊन, आणि चंद्रभागा घाटाच्या पायऱ्या चढते. कारण उजनीतून पाणी सोडलेलं असतं, नाहीतर नीरेचं पाणी नरसिंहपूरला येऊन मिळालेलं असतं. मग नैयायिकांनी उत्तर काय दिलं? नुसतं "पाणी वाढलं" हा हेतूच नव्हे. धार किती वेगाची आहे, फेस आहे का, पानं, लाकडं वाहून येताहेत का, या विशेषांसकट पूर दिसला, तर तो पावसाची खूण. खूण अर्धी घेतली की अनुमान घसरतं.

आता काळा धूर घ्या. काळा धूर म्हणजे जेवढं डिझेल आलं तेवढी हवा आली नाही. याची कारणं अनेक. एअर फिल्टर धुळीने बुजला, आणि उसाच्या ट्रॉल्यांमागून जाणाऱ्या गाडीचा तो बुजतोच. इंजेक्टर गळतो. धूर परत इंजिनात फिरवणारा ईजीआर व्हॉल्व्ह उघडाच अडकला. टर्बोचं नियंत्रण करणाऱ्या अ‍ॅक्चुएटरची बारीक नळी तुटली. टर्बो खरोखरच झिजला. किंवा हवेची गळती. नुसत्या "धूर" या शब्दाने यातलं एकही वेगळं निघत नाही. म्हणून विशेष बघायचे. या गाडीत उभ्या उभ्या धूर नव्हता, जोर मागितला की होता. म्हणजे सदा गळणाऱ्या इंजेक्टरवरचा संशय बराच कमी झाला. जोर दिला की बॉनेटखालून सुस्कारा टाकल्यासारखा आवाज यायचा, आधी तो नव्हता. आणि इंटरकूलरकडे जाणाऱ्या नळीच्या खालच्या अंगाला तेलकट धूळ चिकटलेली होती. या नळ्यांत थोडी तेलाची वाफ असतेच, त्यात घाबरण्यासारखं नाही. पण ती बाहेर येऊन एकाच ठिकाणी धूळ धरते, तेव्हा ती पाइपलाइनवरची ओल समजायची.

अजूनही हे अनुमानच. प्रत्यक्षासाठी मोटार चालू केल्यासारखी परिस्थिती आणावी लागते. ती अशी आणली. इंजिन बंद आणि थंड. एअर फिल्टरकडून टर्बोत जाणारी नळी काढली. टर्बोच्या तोंडावर बसेल असं पीव्हीसीचं टोपण घेऊन त्यात ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवला आणि क्लिपने आवळून टाकला. इंजिनाच्या पोटातून येणारी ब्रीदरची नळी तिथे जोडलेली असेल तर तिचं तोंड आधी बंद करायचं. नाहीतर हवा क्रँककेसमध्ये शिरते आणि ऑइल सील जातात. मग पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने हळूहळू हवा दिली, दहा पीएसआयच्या आसपास, गेजवर डोळा ठेवून. त्या टाकीत शंभराच्या वर दाब असतो; तो एकदम सोडला तर इंटरकूलर फुटेल, टोपण गोळीसारखं उडेल. म्हणून त्याच्या समोर कोणी उभं राहायचं नाही. पंक्चरवाल्याने विचारलं, "सर, गाडीच्या इंजिनात हवा भरायची?" पण भरली.

फुसफुस दोन ठिकाणी ऐकू आली. एक सायलेन्सरकडून. एखाद्या सिलिंडरचे व्हॉल्व्ह उघडे राहिले असले तर हवा तिथून जातेच, ती गळती नव्हे. इंजिन पान्याने थोडं फिरवल्यावर तो आवाज जवळजवळ थांबला. दुसरी जागा नळीच्या त्या तेलकट भागाची. साबणाचं पाणी मारलं तर फेसाचा गोळा फुगत गेला. नळी एका पत्र्याच्या कडेला घासून तिला बोटभर चीर पडली होती. हवा सोडून दिल्यावर चिरेच्या कडा पुन्हा जुळल्या आणि ती शोधून सापडेना. वरून हात फिरवून "नळी चांगली आहे" म्हणणारा माणूस खोटं बोलत नव्हता. त्याने दाबाशिवाय बघितलं होतं, एवढंच.

शेषवत् चा दुसरा एक अर्थही वात्स्यायन देतो: एकेक शक्यता गाळत जाऊन उरते ती घेणं. तोही इथे लागतो. चीर सापडली म्हणून टर्बो निर्दोष ठरत नाही, दोन्ही असू शकतं. म्हणून नळी उतरवली तेव्हाच टर्बोचा दांडा हाताने हलवून बघितला. आडवा किंचित हलला, पण पाती कुठे घासल्याची खूण नव्हती. नळी नवीन घातली, पत्र्याच्या कडेला रबर लावलं, कोड पुसला, आणि बारा माणसं भरून गाडी घाटात नेली. रिकामी गाडी फिरवून "झालं" म्हणण्यात अर्थ नव्हता, कारण तक्रार भरलेल्या गाडीची होती. कोड परत आला नाही. फीचे पैसे जागेवर राहिले.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. गळती असताना गाडी तशीच रेटली, तर कमी पडलेला दाब भरून काढायला कॉम्प्युटर टर्बोला आणखी पळवतो. मर्यादेपलीकडे पळून पळून तो खरंच मरतो. मग मेकॅनिक म्हणतो, "बघा, मी म्हटलं नव्हतं?" कार्य होतं ते कारण म्हणून मिरवतं, आणि नवा टर्बो त्याच फाटक्या नळीला जोडला जातो.

मागून प्रश्न आला आहे, की चिरेवर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली तर चालेल का. तुळजापूरहून घरी येण्यापुरती चालेल, गाडी हळू हाकलीत तर. आतली हवा तापलेली, वर तेलाची वाफ. त्यात ते रबर फुगून मऊ पडतं आणि पुढच्या चढाला सुटतं. नळीच बदला, आणि जुनी नळी दुकानात सोबत न्या, कारण तिचे वाकडे कोन तोंडी सांगून कळत नाहीत.