तळमजल्यावरची जगप्रदक्षिणा

सोलापूरचा आणि समुद्राचा काय संबंध, असं कुणी विचारलं तर आपण हसून सोडून देऊ. आमच्याकडं पाण्याचा विषय निघाला की तो उजनीचा, टँकरचा नाहीतर नळाचा. लाट म्हणाल तर ती उन्हाची. समुद्र पाहायचा तर घाट उतरून जायला हवं. तरीही २०१७ पासून आमच्या घरात जेवताना एक प्रश्न हमखास निघतो, ‘बोट आता कुठं असेल?’

माझा भाचा, धाकट्या बहिणीचा मुलगा, एका मोठ्या प्रवासी जहाजावर केबिन स्टुअर्ड आहे. केबिन म्हणजे प्रवाशांची खोली. ती झाडायची, पुसायची, पलंगावरच्या चादरी बदलायच्या, न्हाणीघर लखलखीत ठेवायचं. सकाळी एकदा आणि संध्याकाळी पुन्हा एकदा. आठवड्याचे सातही दिवस, रोज दहा तासांच्या आसपास. सुट्टी म्हणून नाहीच, करार संपला की एकदम घरी. त्याचं जहाज दर जानेवारीत जगप्रदक्षिणेला निघतं आणि चारेक महिन्यांनी निघालेल्या बंदरात परत येतं. त्यामुळं सिद्धेश्वराची गड्डा यात्रा त्याच्या नशिबात नाही. इकडं नंदीध्वज निघतात, तिकडं त्याच्या जहाजाचा नांगर उचलला जातो.

एकाच जहाजातून सगळ्या जगाला वळसा घालून येण्याची ही हौस शंभर वर्षांपूर्वीची. १९२२ मध्ये ‘लॅकोनिया’ नावाचं जहाज सुमारे साडेचारशे प्रवासी घेऊन न्यूयॉर्कहून अशा फेरीवर निघालं होतं. आजची जहाजं त्याच्या कितीतरी पट मोठी. भाच्याच्या तोंडून वर्णन ऐकावं तर वाटतं, हा एखादा तालुक्याचा गाव उचलून पाण्यावर ठेवला आहे. नाट्यगृह आहे, वाचनालय आहे, दवाखाना आहे. प्रवासी बहुतेक निवृत्त आणि वयस्कर. म्हणून खालच्या अंगाला एक छोटं शवागारही आहे. प्रवाशांना त्याची आठवण कुणी करून देत नाही एवढंच.

पहिले काही दिवस नव्या माणसाला बोट लागते. पोटात ढवळतं, जिना चढताना पायरी हुलकावणी देते. मग शरीर शिकतं. त्यानंतरचा खरा शत्रू म्हणजे कंटाळा. पॅसिफिक ओलांडताना ओळीनं पाच-सहा दिवस जमिनीचा ठिपका दिसत नाही. प्रवासी मग पत्ते कुटतात, नाच शिकतात, ठरावीक खुर्चीसाठी भांडतात. कुणी कुणाशी बोलायचं नाही, हे तिसऱ्या आठवड्यात ठरलेलं असतं. ‘मावशी, आपल्या चाळीत आणि तिथं काही फरक नाही,’ असं भाचा म्हणतो. ‘फक्त तिथं भांडण इंग्रजीत होतं.’

पण या गावाला मजले आहेत, आणि कोण कुठल्या मजल्यावर राहतो यावर त्याचा प्रवास ठरतो. वर गॅलरीच्या खोल्या. खाली, पाण्याच्या पातळीजवळ, कर्मचाऱ्यांच्या. भाच्याच्या खोलीत दोघं जण, एकावर एक पलंग, खिडकी नाही. खाली जहाजाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाणारा लांबच लांब बोळ आहे. अमेरिकेतल्या हमरस्त्यावरून त्याला ‘आय-नाइंटीफाइव्ह’ म्हणतात. तिथं फिलिपिन्स, इंडोनेशिया, गोवा, केरळ, सगळे एकमेकांना खांदा घासत धावत असतात. जगातली नामांकित बंदरं त्यानं पाहिली ती बहुधा दोन पाळ्यांच्या मधल्या तीन तासांत, घरी फोन लावता लावता.

त्याच्या बॅगेत शेंगाचटणी आणि कडक भाकरी असतेच. महिनोन् महिने टिकणारी ही भाकरी म्हणजे जणू दर्यावर्द्यांसाठीच जन्माला आलेला पदार्थ! मात्र ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचे खाण्याच्या जिनसांबद्दलचे नियम कडक. ती बंदरं यायच्या आत डबा रिकामा करावा लागतो.

दोन गोष्टी सांगताना त्याचा आवाज बदलतो. पहिली पाण्याची. जहाज समुद्राचं पाणी गोडं करून घेतं, आणि वरच्या मजल्यावर ते रात्रंदिवस वाहत असतं. चार-पाच दिवसांआड येणाऱ्या नळासाठी पहाटे उठून पिंपं भरलेला हा मुलगा. कुणी नळ चालू ठेवून गेलं की आजही आधी धावत जाऊन तो बंद करतो, मग खोली आवरतो. दुसरी गोष्ट टॉवेलची. प्रवाशांच्या गमतीसाठी पलंगावर टॉवेलची घडी घालून हत्ती, माकड, हंस करून ठेवायची जहाजांवर पद्धत आहे. माझे मेव्हणे अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीत टॉवेलच्या यंत्रमागावर आयुष्यभर उभे राहिले. बापानं टॉवेल विणले, मुलगा त्यांचे हत्ती करतो. टॉवेल हातात आला की आधी सुताचा पोत बघायची सवय मात्र सुटत नाही, म्हणतो.

हा मुलगा सोलापूरच्या वालचंद कॉलेजात शिकला. पण त्या नावाचं आणि जहाजांचं नातं त्याला ठाऊक नव्हतं. एका सुट्टीत मी त्याला ते सांगितलं.

वालचंद हिराचंद १८८२ मध्ये सोलापुरात जन्मले. लक्ष्मणराव फाटकांच्या भागीदारीत बार्शी लाइट रेल्वेचं काम घेऊन त्यांनी ठेकेदारीला सुरुवात केली. पुढं नरोत्तम मोरारजी आदी मंडळींबरोबर त्यांनी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभी केली. कंपनीचं पहिलं जहाज ‘लॉयल्टी’ ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनला निघालं. तोवर कोकणातले खलाशी विलायती कंपन्यांच्या बोटींवर भट्टीत कोळसा ओढत होते, पण महासागरावरच्या त्या जहाजांची मालकी साहेबाची. म्हणून तर ५ एप्रिल हा आपल्याकडं राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.

गंमत पुढंच आहे. ही ‘लॉयल्टी’ नवी नव्हती. तिचं मूळ नाव ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’. ८ फेब्रुवारी १८९१ ला ती लिव्हरपूलहून पहिल्यांदा निघाली, सुएझमार्गे हाँगकाँग, जपान करत २८ एप्रिलला कॅनडात व्हँकुव्हरला पोचली. तिच्यावर जगप्रदक्षिणेची तिकिटं विकली होती; व्हँकुव्हरहून आगगाडीनं कॅनडा ओलांडायचा आणि दुसऱ्या बोटीनं विलायत गाठायची. पहिल्या महायुद्धात ग्वाल्हेरच्या शिंद्यांनी ती विकत घेऊन हिंदी सैनिकांसाठी इस्पितळ-जहाज केली. आधी जग पाहणाऱ्यांची, मग जखमींची आणि शेवटी स्वदेशीची, असा त्या बोटीचा प्रवास. विलायती कंपन्यांनी भाडी पाडून सिंदियाला जेरीस आणायचा प्रयत्न केला; कंपनी तगली, पण म्हातारी ‘लॉयल्टी’ १९२३ मध्ये मोडीत निघाली.

भाचा हे ऐकून बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘म्हणजे सोलापूरचा एक माणूस वरच्या मजल्यावर होता तर!’

तळमजल्यावरच्या माणसाला वरची खोली मिळाली तीही कधी, तर २०२० मध्ये. मार्चमध्ये प्रवासी उतरले, बंदरं बंद झाली आणि कर्मचारी जहाजावरच अडकले. विलगीकरणासाठी एकेकाला प्रवाशांची खोली दिली. भाच्याला गॅलरी मिळाली. आठवडेच्या आठवडे तो तिथं बसून नुसतं पाणी बघत होता. २३ एप्रिलला मुंबई बंदरात एका जहाजावरचे सुमारे दीडशे भारतीय कर्मचारी उतरवून घेतल्याची बातमी आली, तेव्हा बहिणीनं देवापुढं साखर ठेवली. आपला मुलगा त्यात नव्हता. पण दार उघडलं होतं. तो पुढं जूनमध्ये आला.

मग लग्न झालं, फेब्रुवारी २०२३ मध्ये मुलगी झाली. पुढच्या जानेवारीत पुन्हा जगप्रदक्षिणा. पश्चिमेकडं जाणाऱ्या जहाजावर दर थोड्या दिवसांनी घड्याळ एक तास मागं करतात. कर्मचाऱ्यांची चैन, तेवढीच झोप जास्त. पण पॅसिफिकमध्ये आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडली की एक अख्खी तारीख गाळावी लागते. त्या वर्षी गाळली गेली ती नेमकी पोरीच्या पहिल्या वाढदिवसाची. प्रवाशांना रेषा ओलांडल्याचं रंगीत प्रमाणपत्र मिळालं. भाचा रात्री झोपला आणि उठला तो परवाच्या दिवसात.

मुंबईच्या मुक्कामात भेट होईल म्हणून सुनेनं सिद्धेश्वर एक्स्प्रेसची तिकिटं काढून ठेवली होती. तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळं त्या वर्षी कितीतरी जहाजांनी सुएझचा रस्ता सोडून आफ्रिकेला वळसा घातला. मुंबई वगळली गेली. तिकिटं रद्द झाली.

तरी तो पुन्हा गेला. घराचे हप्ते डॉलरमध्येच झेपतात, हे आम्हा सगळ्यांना कळतं. त्याला दोष द्यावा असं मला कधी वाटलं नाही. फक्त जग पाहून आलेल्या लोकांच्या गोष्टी मी वाचते, तेव्हा त्या गोष्टींतली खोली कोण आवरत होतं, हे मनात येतं.

बहिणीच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर २०२४ च्या फेब्रुवारीचं पान अजून जपून ठेवलं आहे. जहाजाच्या दिनक्रमातून गळलेल्या त्या तारखेवर कुंकवाचं बोट टेकवलेलं आहे, आणि शेजारी बहिणीच्या अक्षरात लिहिलंय, ‘औक्षण केलं. बाबाचा फोन लागला नाही.’