तिकीट कुणाच्या पैशांनी?

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर, कुठल्याही उपनगरात नुकत्याच पदवीधर झालेल्या मुलाला किंवा मुलीला 'पुढे काय?' असं विचारलं, की उत्तरात देशांची नावं येतात. अमेरिका नाही जमली तर आयर्लंड, कॅनडा आता अवघड झालंय, जर्मनीचं बघतोय. कुठे व्हिसा लवकर मिळतो, कुठे पीआरची, म्हणजे कायम वास्तव्याची, आशा आहे, यावर घराघरांत रात्री उशिरापर्यंत खल चालतो. मागे वळून पाहताना मला देशांच्या यादीपेक्षा दुसरीच गोष्ट ठळक दिसते. जाण्याचा खर्च कुणी उचलायचा, हे दर पिढीत बदलत गेलं. ज्याने खर्च उचलला, जोखीमही त्याच्याच माथी आली. आज ती कुणाच्या माथी आहे, ते नीट पाहायला हवं असं मला मनापासून वाटतं.

सुरुवात १९१३ पासून करतो, कारण मुंबई विद्यापीठाच्या एका पदवीधराच्या आयुष्यात खर्चाच्या साऱ्या तऱ्हा एकत्र दिसतात. एल्फिन्स्टनमधून बीए झालेले भीमराव आंबेडकर त्या वर्षी कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षं, आणि परतल्यावर दहा वर्षं संस्थानाची नोकरी करण्याचा करार. १९१७ मध्ये ते बडोद्याला रुजू झाले, पण अस्पृश्य म्हणून त्यांना शहरात राहायला जागा मिळू दिली गेली नाही आणि नोकरी सोडावी लागली. लंडनचं अर्धवट राहिलेलं शिक्षण पुरं करायला १९२० मध्ये ते पुन्हा निघाले, तेव्हा संस्थान पाठीशी नव्हतं. सिडनहॅम कॉलेजातल्या पगारातून साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राने दिलेलं कर्ज, असा तो खर्च उभा राहिला. अशी मदत देणारी एक संस्था मुंबईत त्याआधीच उभी होती. जमशेटजी टाटांनी १८९२ मध्ये उच्च शिक्षणासाठी परदेशी जाणाऱ्यांसाठी निधी काढला होता. तो दान म्हणून नव्हे, परतफेडीच्या बोलीवर पैसे देई, आणि अजूनही देतो.

स्वातंत्र्यानंतरची पहिली मोठी लाट आली ती अमेरिकेने दार उघडल्यावर. १९४६ च्या कायद्याने भारतीयांना वर्षाला शंभराच्या आसपास जागा होत्या. ३ ऑक्टोबर १९६५ रोजी नव्या कायद्यावर सही झाली आणि राष्ट्रीयत्वावरून ठरणारा कोटा गेला. कॅनडानेही १९६७ मध्ये गुणांची पद्धत आणली. इकडे पवईची आयआयटी १९५८ पासून चालू होती, माटुंग्याला व्हीजेटीआय आणि यूडीसीटी होत्या. पण परकीय चलनाची इतकी टंचाई होती, की देश सोडणाऱ्याला बरोबर जेमतेम आठ डॉलर नेता येत. त्या पिढीतल्या कुणाशीही बोला, हा आठाचा आकडा येतोच.

आठ डॉलरवर माणूस शिकायला जातो तो तिकडच्या विद्यापीठाच्या खर्चाने. असिस्टंटशिप मिळाली तर फी माफ, दरमहा विद्यावेतन, आणि त्या बदल्यात पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलांचे तास घ्यायचे किंवा प्रयोगशाळेत राबायचं. ती मिळाली नाही तर जाणं नाही, इतका सरळ मामला होता. घरच्यांकडे फक्त तिकिटाचा खर्च येई. त्यासाठी आईच्या बांगड्या मोडल्या जात, काका-मामा हातभार लावत, एखादा ट्रस्ट उरलेलं भागवी. त्यामुळे गेले ते पहिल्या वर्गातले, आणि बहुतेक शास्त्र-तंत्रज्ञानाचे. तीन वर्षांच्या बीएस्सीने शिक्षणाची पंधराच वर्षं भरत, तिकडे सोळा लागत, म्हणून बीएस्सीवाला आधी इथेच एमएस्सी करून घेई. बीए, बीकॉमवाल्यांसाठी हा रस्ता जवळजवळ नव्हताच.

या लाटेची किंमत मागे राहिलेल्यांनी वेगळ्या रूपात मोजली. जयवंत दळवींचं 'संध्याछाया' १९७३ मधलं. मुलं दूर गेलेल्या घरातल्या दोन म्हाताऱ्या माणसांचं ते नाटक मराठी प्रेक्षकांनी आपलं मानलं.

बीकॉमवाल्यांना रस्ता मिळाला तो आखातात. १९७३ मध्ये तेलाचे भाव भडकले आणि पुढच्या दशकात कुवेत, दुबई, बहारीन, सौदीला गवंड्यापासून हिशेबनिसापर्यंत सगळे हवे झाले. इथे खर्च करणारा होता तिकडचा मालक. व्हिसा त्याचा, तिकीट त्याचं, राहायची सोयही त्याचीच. निदान कागदावर तरी. प्रत्यक्षात मधला एजंट उमेदवाराकडून पैसे काढी, आणि त्याला आळा घालण्यासाठीच १९८३ चा उत्प्रवास कायदा आला. पदवीचं प्रमाणपत्र दाखवून पासपोर्टवर ईसीएनआरचा, म्हणजे 'उत्प्रवास परवानगीची गरज नाही' असा, शिक्का मारून घेतला की पदवीधराची 'प्रोटेक्टर' या सरकारी अधिकाऱ्याच्या परवानगीच्या कटकटीतून सुटका होई. हे जाणं कायमचं नसे. नागरिकत्व मिळणारच नव्हतं, म्हणून मिळकत इकडे येई. उपनगरांतल्या कितीतरी वन-बीएचकेंचे हप्ते कुवेत-मस्कतच्या पगारावर फिटले आहेत.

सहार विमानतळाचं आंतरराष्ट्रीय टर्मिनल १९८१ मध्ये सुरू झालं आणि निरोप समारंभ अंधेरीच्या दाराशी आले. एका माणसाला सोडायला मॅटॅडोर भरून नातेवाईक येत. गळ्यात हार, कपाळाला कुंकू, बॅगेत लोणच्याची बरणी आणि मेतकूट, बॅगेला दोरीचे वेढे आणि वर ठळक अक्षरांत नाव. त्याच सहारला १९९० मध्ये उलटी गर्दी पाहायला मिळाली. ऑगस्टमध्ये इराकने कुवेत गिळलं, आणि अम्मानहून एअर इंडियाच्या विमानांनी लाखाहून जास्त भारतीयांना मुंबईत आणलं. बँकेतली शिल्लक तिकडेच अडकलेली, हातात एखादी पिशवी. मालकाच्या खर्चाने गेलेल्या माणसाची जोखीम काय असते, ते तेव्हा कळलं. तरी माझा अंदाज असा, की परत आलेल्यांतल्या बहुतेकांच्या घरावर परदेशी जाण्यासाठी काढलेलं कर्ज नसावं.

मग आला सीप्झचा काळ. अंधेरी पूर्वेला इलेक्ट्रॉनिक्सच्या निर्यातीसाठी १९७३ मध्ये वसवलेल्या या क्षेत्रात सत्तरच्या दशकाच्या अखेरीस टाटा बरोज आली, पुढे पटनी, मास्टेक आल्या. अमेरिकेच्या १९९० च्या कायद्याने एच-१बी व्हिसा जन्माला आला, वर्षाला ६५ हजार. वर्ष २००० च्या संगणकी घोळाची भीती पसरली तशी ही मर्यादा आधी १ लाख १५ हजारांवर आणि मग २००१ ते २००३ या काळात १ लाख ९५ हजारांवर गेली. 'ऑनसाइट' हा शब्द घराघरांत बोलला जाऊ लागला तो याच सुमाराला. व्हिसाची फी, वकील, तिकीट, पहिल्या आठवड्यांचं हॉटेल, सगळं कंपनीचं. त्या बदल्यात बाँड लिहून द्यायचा. इंजिनिअर नसलेल्या बीएस्सी-बीकॉमवाल्यांनीही ॲपटेक किंवा एनआयआयटीचा कोर्स करून ही गाडी पकडली. २००१ मध्ये अमेरिकेत मंदी आली तेव्हा अनेक जण 'बेंच'वर, म्हणजे कामाविना, बसले, काही परत आले. नुकसान झालं, पण ते पगाराचं. घर गहाण पडलं नव्हतं.

घर गहाण पडायला सुरुवात झाली ती पुढच्या काळात, आणि मला थांबायचं आहे ते इथे.

२००१ मध्ये बँकांनी शैक्षणिक कर्जाची सामायिक योजना स्वीकारली. २००४ मध्ये रिझर्व्ह बँकेने परदेशी पैसे पाठवण्याची उदार योजना आणली. सुरुवातीची वार्षिक मर्यादा २५ हजार डॉलरची होती, २०१५ पर्यंत ती अडीच लाख डॉलर झाली. आठ डॉलरच्या देशासाठी हा केवढा बदल! दुसरीकडे १९८३ पासून निघालेल्या खासगी महाविद्यालयांनी मुंबईत इंजिनिअरांची संख्या वाढवली होती, आणि तिकडची विद्यापीठं पूर्ण फी भरणाऱ्या एमएसच्या विद्यार्थ्यांसाठी जागा वाढवत होती. असिस्टंटशिप अपवाद झाली आणि फी हा नियम. शिक्षण हाच स्थलांतराचा मार्ग झाला: आधी एमएस, मग ओपीटी म्हणजे शिक्षणानंतर तात्पुरतं काम करण्याची परवानगी, मग एच-१बी, मग ग्रीन कार्डाची रांग. २००८ मध्ये विज्ञान-तंत्रज्ञानवाल्यांना ओपीटीत १७ महिन्यांची वाढ मिळाली, २०१६ मध्ये ती २४ महिन्यांवर गेली, आणि हा मार्ग पक्का झाला. २०२३-२४ या वर्षात अमेरिकेत शिकणारे भारतीय ३ लाख ३१ हजार ६०२ होते, कुठल्याही देशापेक्षा जास्त.

बँकांच्या त्या योजनेत साडेसात लाखांच्या वर तारण मागतात. तारण म्हणजे फ्लॅट. बापाच्या आखाती किंवा ऑनसाइट कमाईवर घेतलेला फ्लॅट मुलीच्या एमएससाठी बँकेत जातो, तेव्हा फाइलमध्ये काय काय लागतं ते पाहा. बिल्डरबरोबरचा मूळ करार, नोंदणीची पावती, इंडेक्स टू, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, सोसायटीचं ना-हरकत पत्र, मालमत्ता कराची पावती, इमारतीचा भोगवटा दाखला. बँकेचा वकील मालकीहक्काचा शोध घेतो, मूल्यांकन करणारा टेप घेऊन खोल्या मोजतो. जुन्या कितीतरी इमारतींना भोगवटा दाखलाच नसतो, तिथे फाइल अडते. फ्लॅट आजोबांच्या नावावर असेल तर आत्यांकडून हक्कसोड पत्र घ्यावं लागतं, आणि वर्षानुवर्षं न निघालेला विषय ॲडमिट आल्यावर पंधरा दिवसांत निघतो. पुनर्विकासाला निघालेली इमारत बँकेला नको असते. चाळीत पागडीने राहणाऱ्याकडे तर गहाण ठेवायला मालकीच नसते. त्याच्या मुलाला बिगरबँक वित्तसंस्थेचं चढ्या व्याजाचं विनातारण कर्ज घ्यावं लागतं. एकाच वर्गात, एकाच बाकावर बसलेल्या दोन मुलांचे पर्याय असे बापाच्या घराच्या कागदांवरून वेगळे होतात. गुणपत्रिका सारख्या असल्या तरी!

चाळीस लाखांचं कर्ज, व्याज ११ टक्के, मुदत दहा वर्षं धरली तर हप्ता ५५ हजारांच्या आसपास पडतो. शिकत असताना साचलेलं व्याज वेगळं. आणि तिकडे नोकरी मिळाली नाही तर? इथल्या मोठ्या आयटी कंपन्यांत नवख्या इंजिनिअरला साडेतीन लाखांच्या आसपास वार्षिक पगार आहे, म्हणजे महिन्याला तीस हजारांच्या आत. माझं म्हणणं एवढंच, की देश ठरवण्याआधी घरातल्या सगळ्यांनी बसून ही वजाबाकी कागदावर मांडावी. कन्सल्टंट ती मांडून देत नाही.

जोखीम घरच्यांवर आल्यावर दुसऱ्याची प्रत्येक चूक घरच्यांना भोवू लागली. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकावर तपासायला घेतल्या आणि निकाल महिनोन् महिने रखडले. परदेशी प्रवेश मिळालेली मुलं गुणपत्रिकेसाठी कालिन्याच्या परीक्षा भवनात खेटे घालत होती, तिकडे सत्र सुरू होत होतं. ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आलं. ज्यांचं वर्ष गेलं त्यांना ते परत मिळालं नाही.

गेल्या दोन-तीन वर्षांत तर नियमच झपाट्याने फिरले. ब्रिटनने जानेवारी २०२४ पासून एमएस्सीसारख्या शिकवणीच्या अभ्यासक्रमांना येणाऱ्यांचा जोडीदार आणण्याचा हक्क काढला. कॅनडा हा बीकॉम-बीएस्सीवाल्यांचा लाडका देश, कारण तिथल्या कॉलेजांच्या पदविकांना आपली तीन वर्षांची पदवी चाले. त्याने जानेवारी २०२४ मध्ये विद्यार्थ्यांच्या परवान्यांवर मर्यादा घातली, खात्यात दाखवायची रक्कम १० हजारांवरून २० हजार ६३५ कॅनेडियन डॉलर केली, नोव्हेंबरमध्ये झटपट परवान्याची योजना बंद केली, आणि कॉलेजातून शिकणाऱ्यांना ठरावीक विषयांनाच कामाचा परवाना ठेवला. ऑस्ट्रेलियाने विद्यार्थी व्हिसाची फी ७१० वरून १,६०० आणि मग २,००० ऑस्ट्रेलियन डॉलर केली. १९ सप्टेंबर २०२५ च्या घोषणेने अमेरिकेने देशाबाहेरून येणाऱ्या नव्या एच-१बी उमेदवारामागे मालकाकडून एक लाख डॉलर मागितले, त्या वेळच्या दराने ८८ लाखांच्या घरात. सीप्झचा रस्ता, म्हणजे कंपनीच्या खर्चाने जाणं, त्यामुळे जवळजवळ बुजला. तिकडेच शिकून व्हिसा बदलून घेणाऱ्याला ही रक्कम लागू नाही, असा खुलासा नंतर झाला. परिणाम उघड आहे: ज्याला जायचं आहे त्याला पुन्हा कर्जाच्याच रस्त्याकडे ढकललं गेलं.

दुसऱ्याच्या खर्चाने जाण्याचे रस्ते संपलेले मात्र नाहीत, आणि त्यांची माहिती उपनगरांतल्या मुलांपर्यंत पुरेशी जात नाही, याची मला तळमळ आहे. विद्यावेतनासह पीएचडी हा साठच्या दशकातला रस्ता अजून चालू आहे. युरोपातली इरास्मस मुंडस, जर्मनीची डाड, ब्रिटनची कॉमनवेल्थ, थोडा कामाचा अनुभव असेल तर चिव्हनिंग, या शिष्यवृत्त्या आहेत. चिव्हनिंगवाल्याला मात्र दोन वर्षांसाठी परत यावं लागतं. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती २००३ पासून आहे, केंद्राची त्याहून कितीतरी जुनी. जर्मनीत सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी फी नाही. एक अपवाद बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याचा, तिथे युरोपाबाहेरच्यांना सत्राला १,५०० युरो पडतात. वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो बंद खात्यात ठेवावे लागतात आणि पदवीची कागदपत्रं पडताळल्याचा एपीएसचा दाखला लागतो. जून २०२४ पासून नोकरी शोधायला जाण्यासाठी 'शान्सनकार्ड' मिळू लागलं. भारतीय कुशल कामगारांच्या व्हिसांची वार्षिक मर्यादा जर्मनीने २० हजारांवरून ९० हजारांवर नेली. आपल्या राज्याने २०२४ मध्ये त्याच बाडेन-व्युर्टेम्बर्गशी मनुष्यबळाचा करार केला. यात पैशांइतकीच भाषा लागते. बी-वन, बी-टू या पातळ्यांपर्यंत जर्मन शिकायला एक-दीड वर्ष जातं, आणि ते वर्ष बोरिवलीत घरी राहून, नोकरी करत काढता येतं. कर्जाच्या मानाने हा खर्च फारच थोडा आहे.

ब्रिटनने आता आणखी एक बदल जाहीर केला आहे. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या पदव्युत्तरांना शिक्षणानंतर राहायला दोन वर्षांऐवजी १८ महिने मिळतील. सप्टेंबर २०२६ मध्ये एक वर्षाच्या एमएस्सीला जाणारी मुलगी २०२७ च्या सप्टेंबरात मोकळी होईल. कुशल कामगाराच्या व्हिसासाठी पगाराची सर्वसाधारण अट ४१,७०० पौंड आहे, नवख्यांना थोडी कमी. बँकेच्या योजनेप्रमाणे अभ्यासक्रमानंतर वर्षभर हप्ता थांबतो, म्हणजे तो २०२८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात सुरू होईल. तशी नोकरी तोवर मिळाली नाही, तर २०२९ च्या मध्याच्या आसपास तिचा राहण्याचा परवाना संपेल. त्या दिवसापर्यंत दहा वर्षांच्या १२० हप्त्यांपैकी आठ-नऊ भरून झालेले असतील.